स्वामित्वदर्शक विशेषणे, इंग्रजी : भंडारा जिल्ह्यातील भाषाव्यवहाराच्या संदर्भात

एखादी वस्तू किंवा व्यक्ती कोणाची आहे, हे नामापूर्वी येऊन सांगणाऱ्या शब्दास स्वामित्वदर्शक विशेषण म्हणतात. इंग्रजीत माय, अवर, युअर, हिज, हर, इट्स आणि देअर हे शब्द या वर्गात मोडतात. शालेय व्याकरणात त्यांची यादी अर्ध्या पानात संपते. परंतु महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात ज्या चुका पुनःपुन्हा आढळतात, त्यांत या सात शब्दांच्या चुकांचे प्रमाण लक्षणीय असते. भंडारा जिल्ह्यात मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी या भाषा शेजारी नांदतात. ‘कोणाचा’ हे सांगण्याची प्रत्येकीची रीत निराळी आहे. त्यामुळे या चुकांची कारणे या जिल्ह्याच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे पाहता येतात. त्या चुका अज्ञानातून नव्हे, तर घरच्या भाषेच्या नियमातून उद्‌भवतात, असे तुलनेअंती दिसून येते.

मालक आणि वस्तू : स्वामित्वाच्या संबंधास दोन टोके असतात; एक मालक आणि दुसरी वस्तू. या दोहोंपैकी कोणाचे लिंग व वचन शब्दात दाखवावयाचे, याविषयी भाषाभाषांत भेद आहे. मराठीत दोहोंचीही नोंद होते. ‘तिचा माग’ या प्रयोगात ‘ति’ ही प्रकृती विणकरणीस अनुसरते, तर ‘चा’ हा प्रत्यय माग या पुल्लिंगी नामास अनुसरतो. ‘त्याची बायको’ यात हाच क्रम उलट लिंगांनी येतो. प्रकृती मालकाची आणि प्रत्यय वस्तूचा, असे मराठीचे सूत्र सांगता येईल. हिंदीत ‘उसका करघा’, ‘उसकी पत्नी’ या प्रयोगांत वस्तूचे लिंग कळते. मालक पुरुष की स्त्री, हे कळत नाही. इंग्रजीची रीत याच्या उलट आहे. हिज व हर या शब्दांत मालकाचे लिंग असते आणि वस्तूचा कोणताही परिणाम त्यांवर होत नाही. बायको, भाऊ, घर किंवा शेते यांपैकी काहीही पुढे आले, तरी हिज हा हिजच राहतो.

इंग्रजीतील पूर्वेतिहास : इंग्रजी ही प्रारंभापासून अशी नव्हती. प्राचीन इंग्रजीत प्रथम व द्वितीय पुरुषांची स्वामित्वदर्शक रूपे विशेषणांप्रमाणे चालत आणि पुढील नामाचे लिंग, वचन व विभक्ती यांनुसार त्यांस प्रत्यय लागत. आजच्या जर्मन भाषेत ही व्यवस्था टिकून आहे. माझा-माझी-माझे या मराठी रूपांशी तिचे साम्य उघड आहे. तृतीय पुरुषाची रूपे मात्र तेव्हाही अविकारी होती. मध्ययुगीन इंग्रजीत शब्दान्तीचे प्रत्यय झिजत गेले, नामांचे व्याकरणिक लिंग नष्ट झाले आणि वस्तूशी मिळते रूप घेण्याची रीत लोपली. मालकाचे लिंग तेवढे तृतीय पुरुषी एकवचनात शिल्लक राहिले.

नपुंसकलिंगी इट्स हे रूप त्या मानाने अर्वाचीन आहे. प्राचीन इंग्रजीत पुल्लिंग व नपुंसकलिंग या दोहोंसाठी हिज हेच रूप वापरीत. इट्सचा वापर सोळाव्या शतकाच्या अखेरीस आढळू लागतो आणि सतराव्या शतकात तो रूढ होतो. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात नपुंसकलिंगासाठी जुने हिजच प्रामुख्याने येते. मराठीत ‘तो’ आणि ‘ते’ या दोन्ही सर्वनामांचे स्वामित्वदर्शक रूप ‘त्याचा’ हेच होते. म्हणजे इंग्रजीने सुमारे चारशे वर्षांपूर्वी जी फोड केली, ती मराठीने केलेली नाही. एकवचनी ‘तुझा’ या अर्थाचा दाय हा शब्द प्रमाण इंग्रजीतून हळूहळू मागे पडला व त्याची जागा युअरने घेतली. तुझा, तुमचा आणि आदरार्थी आपला या तिन्ही मराठी शब्दांना आज तेथे हा एकच प्रतिशब्द उरतो.

व्याकरणकारांचे वर्गीकरण : हे शब्द सर्वनाम की विशेषण, हा प्रश्न इंग्रजीत आणि मराठीत स्वतंत्रपणे उपस्थित झाला. रॉबर्ट लौथ (१७६२) आणि लिंडले मरे (१७९५) यांची व्याकरणे लॅटिनच्या चौकटीत लिहिलेली होती. मरे यांच्या व्याकरणाचा प्रसार ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र झाला. विसाव्या शतकात भारतीय शाळांत जे. सी. नेसफील्ड यांचे व्याकरण व त्यानंतर पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे पुस्तक प्रचलित झाले. रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षणखात्याच्या सेवेत होते. नामापूर्वी येणारे माय हे विशेषण आणि स्वतंत्रपणे येणारे माइन हे सर्वनाम, हा भेद अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना या पुस्तकामुळे परिचित झाला. अलीकडील व्याकरणकार माय, हिज इत्यादींना निर्धारकांच्या वर्गात घालतात; कारण सामान्य विशेषणांप्रमाणे ते उपपदानंतर येऊ शकत नाहीत.

मराठीच्या व्याकरणाची परंपरा महानुभाव पंथातील भीष्माचार्यांच्या पंचवार्तिकापर्यंत मागे नेता येते. एकोणिसाव्या शतकात विल्यम कॅरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये छापले गेले. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या रचनेवर मरे यांच्या व्याकरणाची छाप आहे. म्हणजे ज्या साच्यात मराठी मुलाने पुढे इंग्रजी शिकावयाचे, त्याच साच्यात त्याच्या भाषेचे व्याकरणही बसविले जात होते. परंतु चा-ची-चे या प्रत्ययाने त्या साच्यात अडचण निर्माण केली. संस्कृत परंपरेनुसार षष्ठी ही विभक्ती खरी, पण ती कारक नव्हे. तिचा संबंध क्रियापदाशी नसून दुसऱ्या नामाशी असतो. शिवाय ‘घराचा, घराची, घराचे’ ही रूपे ‘चांगला, चांगली, चांगले’ या विकारी विशेषणांप्रमाणेच चालतात. त्यामुळे षष्ठ्यन्त पद हे नामाचे रूप मानावे की नामापासून साधलेले विशेषण मानावे, याविषयी मराठी व्याकरणकारांत दीर्घ काळ मतभेद राहिले. मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणात (१९११) पूर्वसूरींच्या मतांचा विस्तृत परामर्श आढळतो. ‘चा’ या प्रत्ययाचा उगम दाक्षिणात्य, पाश्चात्त्य इत्यादी संस्कृत शब्दांतील विशेषण साधणाऱ्या ‘त्य’ प्रत्ययात आहे, असे एक मत आहे. ते ग्राह्य धरल्यास हा प्रत्यय मूळचाच विशेषणाचा ठरतो.

भंडारा जिल्ह्याची भाषिक पार्श्वभूमी : नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर भंडाऱ्याचा प्रदेश ब्रिटिश अंमलाखाली आला व १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा वेगळा करण्यात आला. नव्वदाहून अधिक वर्षे हा प्रदेश हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांचा व्यवहार असलेल्या प्रांतात होता. उच्च शिक्षणासाठी येथील विद्यार्थी मुख्यतः नागपूरकडे पाहत. तेथे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये, मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये आणि विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. वरच्या न्यायालयांत व सरकारी पत्रव्यवहारात इंग्रजीला स्थान असल्याने इंग्रजीच्या व्याकरणाला उपजीविकेचे साधन म्हणून महत्त्व प्राप्त झाले होते.

जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांची भाषा मराठी आहे; परंतु बोलली जाणारी मराठी पुस्तकी मराठीहून पुष्कळ वेगळी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टीत बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ण ऐवजी न आणि ळ ऐवजी र उच्चारण्याची प्रवृत्ती आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलींत ‘माझा, माझी’ यांच्या जागी ‘माहा, माही’ अशी रूपे ऐकू येतात. तुमसरच्या बाजूस व गोंदिया भागात पोवार समाज पोवारी बोलतो. तीत ‘मोरो, मोरी’ अशी रूपे असून ती हिंदीच्या गटातील बोलींशी जवळीक दर्शवितात. गोंड समाजाची गोंडी ही भाषा द्राविड कुलातील आहे. तीत ‘माझे’ या अर्थी ‘नावा’ आणि ‘तुझे’ या अर्थी ‘नीवा’ ही रूपे येतात. ‘नावा रोन’ म्हणजे माझे घर.

भाषिक सर्वेक्षण : या बोलींची पद्धतशीर नोंद जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या संपादकत्वाखालील भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात झाली. त्याचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये आणि मुंडा व द्राविड भाषांविषयीचा चौथा खंड १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक बोलीसाठी उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर आणि २४१ शब्द व वाक्ये यांची प्रमाण यादी, अशी साधने ठरविण्यात आली होती. त्या यादीत स्वामित्वदर्शक रूपांना महत्त्वाचे स्थान होते. प्रत्येक पुरुषाची रूपे तर तीत होतीच, शिवाय चुलत्याचा मुलगा कोणाच्या बहिणीशी विवाहबद्ध आहे, भाऊ बहिणीहून उंच आहे, अशा आशयाची वाक्ये मुद्दाम घातलेली होती. दृष्टान्ताची निवडही या दृष्टीने सोयीची ठरली. कारण बाप, दोन मुलगे आणि मालमत्तेची वाटणी एवढ्या कथानकात ‘माझा वाटा’, ‘त्याचा बाप’, ‘तुझा भाऊ’ असे प्रयोग पदोपदी येतात. या यादीतील इंग्रजी वाक्यांत हिज म्हणजे नेमका कोणाचा, हे काही ठिकाणी संदिग्ध राहते. भाषांतरकर्त्याला मात्र ‘त्याचा’ की ‘आपला’ याचा निर्णय करावाच लागे.

चुकांची मीमांसा : तृतीय पुरुषी एकवचनात इंग्रजीत हिज, हर आणि इट्स असे तीन मालक वेगळे दाखविले जातात. मराठीत पुल्लिंगी व नपुंसकलिंगी मालक ‘त्याचा’ या एका रूपात एकत्र येतात आणि स्त्रीलिंगी ‘तिचा’ वेगळा राहतो. गोंडीत एकवचनी सर्वनामांचे पुरुषवाचक व पुरुषेतर असे दोनच वर्ग असल्यामुळे स्त्री आणि वस्तू एका वर्गात पडतात व पुरुष वेगळा राहतो. हिंदीत तिन्ही मालक ‘उसका’ या एकाच रूपात सामावतात. यावरून तीन घरच्या तीन मुलांपुढील अडचणी निरनिराळ्या असतात, हे स्पष्ट होते. हिंदी बोलणाऱ्या मुलास हिज आणि हर हा भेदच नवा असतो. पुढील नामाचे लिंग पाहण्याची त्याला सवय असल्याने पुरुषाच्या बायकोसाठी तो सहज हर लिहून जातो. गोंडी बोलणाऱ्या मुलास हिज ओळखीचा वाटतो, पण हर आणि इट्स यांतील सीमा नव्याने शिकावी लागते. मराठी मुलास हर ओळखता येतो. हिज आणि इट्स यांत त्याचा गोंधळ होण्याचा संभव असतो.

मराठी विद्यार्थ्याची आणखी एक अडचण व्याकरणिक लिंगामुळे उद्‌भवते. मराठीत नदी, खुर्ची व शाळा या स्त्रीलिंगी आहेत. ‘वैनगंगा आणि तिचे पाणी’ किंवा ‘खुर्ची आणि तिचा पाय’ असे म्हणणारा विद्यार्थी या ठिकाणी हर वापरतो. इंग्रजीत सामान्यतः इट्स अपेक्षित असते. आदरार्थी अनेकवचनामुळेही चूक होते. ‘वडील आणि त्यांचे शेत’ याचे भाषांतर करताना मुलगा देअर हा शब्द योजतो. वडिलांसाठी हिज लिहिणे त्याला एकेरी उल्लेखासारखे वाटते. इंग्रजीच्या दृष्टीने ही चूक असली, तरी तिच्यामागे शिष्टाचाराचे निश्चित भान आहे.

मराठीत आप्त आणि शरीराचे अवयव यांच्यापूर्वी स्वामित्वदर्शक शब्द बहुधा गाळला जातो. ‘आई बाजारात गेली’, ‘त्याने हात धुतले’ ही वाक्ये पूर्ण मानली जातात. इंग्रजीत येथे माय किंवा हिज अपेक्षित असतो. उलट ‘हा माझा भाऊ आला’, ‘माझे एक पुस्तक हरवले’ यांप्रमाणे मराठीत ‘हा’ किंवा ‘एक’ यांच्या जोडीने माझा येऊ शकतो. इंग्रजीत निर्धारकाचे स्थान एकच असल्यामुळे अशी जोडी चालत नाही व माइन या सर्वनामाचा आश्रय घेऊन वाक्य फिरवावे लागते.

आपला आणि आमचा : मराठीत जे भेद आहेत आणि इंग्रजीत नाहीत, त्यांचाही विचार आवश्यक आहे. अवर या इंग्रजी शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात. ऐकणाऱ्यास वगळून बोलावयाचे असल्यास ‘आमचा’ आणि त्यास सामील करून घ्यावयाचे असल्यास ‘आपला’. ‘आमचे गाव’ म्हणणारा पाहुण्याशी बोलत असतो, तर ‘आपले गाव’ म्हणणारा गावकऱ्याशी. ‘आपला’ या शब्दाचे दुसरे कार्य आत्मवाचक आहे. ‘कोहळ्याने गोंडास आपले शेत विकले’ या वाक्यात शेत कोहळ्याचे, हे निश्चित होते. ‘त्याचे शेत’ म्हटल्यास ते दुसऱ्या कोणाचे असावे, असा अर्थ प्राधान्याने होतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी हिज येतो आणि संदिग्धता राहते.

तलाव, बांध आणि भातखाचरे यांच्या या जिल्ह्यात जमिनीचे दस्तऐवज हा भाषेच्या उपयोगाचा मोठा विषय असल्याने ही संदिग्धता केवळ व्याकरणाची राहत नाही. इंग्रजी दस्तऐवजांत ती टाळण्यासाठी नावाची पुनरुक्ती करतात किंवा पूर्वोक्त या अर्थाचे शब्द वापरतात. मराठी दस्तऐवजांतील ‘सदरहू’ व ‘मजकूर’ हे शब्द याच कामाचे आहेत. भारताच्या सामान्य वाक्खंड अधिनियमात (१८९७) पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, असा निर्वचनाचा नियम आहे. त्यामुळे केंद्रीय कायद्यातील हिज हा शब्द, संदर्भ विरुद्ध नसल्यास, स्त्रीलाही लागू होतो. अशा कलमाचे मराठी भाषांतर केवळ ‘त्याचा’ असे वाचणाऱ्या स्त्रीस हा नियम माहीत नसेल, तर आपला हक्क त्यात आहे की नाही, असा संभ्रम पडणे शक्य आहे.

अध्यापनपद्धती : एकोणिसाव्या शतकापासून महाराष्ट्रात इंग्रजीचे अध्यापन व्याकरण-भाषांतर पद्धतीने होत असे. तर्खडकर भाषांतर पाठमाला या नावाने प्रसिद्ध असलेल्या पुस्तकांनी या पद्धतीस घरोघरी पोहोचविले. या पद्धतीत दोन भाषांची तुलना अंगभूत असल्याने प्रत्येक प्रयोग मराठीशी ताडून पाहिला जाई. परंतु ती तुलना प्रमाण मराठीशीच होती. स्वातंत्र्योत्तर काळात रचनाधिष्ठित पद्धती पुढे आली. हैदराबाद येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने अशा नव्या पद्धतींच्या अध्यापक-प्रशिक्षणास चालना दिली. या पद्धतीत वस्तू हातात घेऊन ती माझी, ती त्याची, असे वाक्यसाचे तोंडी घोटवून घेत. त्यामुळे स्वामित्वदर्शक विशेषणे अगदी प्रारंभीच्या पाठांत आली. पण मातृभाषेशी तुलना मागे पडली. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजीचे अध्यापन पहिल्या इयत्तेपासून सुरू झाले. तेव्हापासून प्रमाण मराठीचे लेखन आणि इंग्रजीची तोंडओळख ही दोन्ही मुलास एकाच वेळी होऊ लागली.

झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्याला हिज या शब्दाचा अर्थ ‘त्याचा’ असा सांगितला जातो आणि तो ‘त्याचा’ देखील त्याच्या घरचा नसतो. ‘माहा’ किंवा ‘मोरो’ या रूपांना शाळेत अशुद्ध ठरविले गेल्यास, तुलनेसाठी त्याच्याजवळ असलेले एकमेव साधन निरुपयोगी होते. वस्तुतः या रूपांतही मालक आणि वस्तू यांचा संबंध नियमबद्धच असतो. झाडीबोलीच्या अभ्यासास साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी चालना दिली आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून या बोलीची साहित्य संमेलनेही भरू लागली. त्यामुळे ही बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे, ही जाणीव वाढीस लागली.

इंग्रजीच्या सात स्वामित्वदर्शक विशेषणांचे अध्यापन पाठांतराने होऊ शकते. पण चूक दुरुस्त करावयाची असल्यास ती कोणत्या भाषेच्या नियमातून आली, हे शिक्षकास ठाऊक असावे लागते. ‘तिचा’ या शब्दातील ‘ति’ आणि ‘चा’ यांची फोड मुलास एकदा दाखविली, की इंग्रजीत ‘ति’ कडे पाहावयाचे व ‘चा’ सोडून द्यावयाचा, हे एका वाक्यात सांगता येते. हिंदी भाषक मुलास नवे शिकवावे लागते ते मालकाकडे पाहणे, तर गोंडी भाषक मुलास स्त्री आणि वस्तू यांत भेद करणे. एकाच वर्गात बसणाऱ्या मुलांना एकच नियम तीन प्रकारे समजावून देणे, हे या बहुभाषिक जिल्ह्यातील व्याकरणाच्या अध्यापनाचे खरे स्वरूप होय.